बिनमोरचुदाची खळ

आजकाल त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. मी ते करत होतो तेव्हा आमच्या घरी त्याला राडा म्हणत, आणि हा शब्द नंदाताईचा. नंदाताई माझी थोरली बहीण. ती तेव्हा शिक्षिका व्हायचं शिकत होती आणि सगळ्या जगाच्या वह्या आपल्याकडेच तपासायला येणार आहेत अशा थाटात घरात वावरायची. मी खिडकीत बसून वहीवर चहा ओततोय, मग चुना फासतोय, मग त्यात तिच्याच फुटक्या बांगडीचा तुकडा बसवतोय, हे दिसलं की ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची, "आई, विन्यानं परत राडा घातलाय!" आई आतून विचारायची, "पुसता येण्यासारखा आहे का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असायचं.

कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली तळमजल्याला अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, बाइंडिंगचं दुकान. सकाळी सातपासून मागच्या आळीतून तांबटांचे हातोडे सुरू व्हायचे, भराभर, एकात एक मिसळलेले. त्यांच्यामधून अण्णांचा हातोडा वेगळा ओळखू यायचा. शिवलेल्या पुस्तकाची पाठ गोल करायला ते शांतपणे, मोजून मारल्यासारखे ठोके घालत. आईला त्या ठोक्यांवरून अण्णांचं हवामान कळायचं. ठोका हलका असेल तर जेवायला साधा वरणभात. जड पडायला लागला की आई न बोलता कांदा चिरायला घ्यायची, लसणीची फोडणी करायची आणि पिठल्यावर एक चमचा जास्त तेल सोडायची. अण्णा वर येऊन पहिला घास घेईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. फोडणीचा वास जिन्यावरून खाली जायचा तसा खळीचा वास वर यायचा. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली चिकी, बाइंडरचा गोंद. आमच्या घरात बाहेरचा माणूस आला की आधी वास घ्यायचा आणि मग "काही शिजतंय का?" असं विचारायचा. नंदाताई सांगायची, "हो, पुस्तकं."

माझी वही त्या दुकानाच्या कातरणातून जन्मली. ग्रंथालयांची पुस्तकं कापून उरलेल्या पट्ट्या, जाड खाकी कागद, टीपकागद, साखरेच्या पुड्यांचा असतो तसा निळा कागद, अस्तराच्या अबरी कागदाचे, म्हणजे रंगांच्या लहरी उठवलेल्या कागदाचे, तुकडे, असं जे मिळेल ते मी एका मापात कापलं आणि स्वतः शिवलं. बाइंडरचा मुलगा असून शिवण इतकी तिरकी आली की वही टेबलावर ठेवली तरी एका कुशीवर कलायची. अण्णांनी ती दोन बोटांत धरून उचलली, सगळीकडून पाहिली आणि विचारलं, "ही बसलीये, का उठायच्या बेतात आहे?" आत काय आहे ते मात्र त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा नाही आणि पुढे दीड वर्ष नाही.

आत काय होतं ते सांगायला हवं, कारण त्या आतल्या गोष्टींवर माझी मोठी भिस्त होती. मला चित्रकलेच्या क्लासमधल्यासारखे स्वच्छ जलरंग कधी जमले नाहीत. आकाश करायला घेतलं की त्याचा चिखल व्हायचा. मग मी चिखलालाच लागलो. हळद पाण्यात कालवून लावली आणि वर चुन्याचा हात फिरवला की ती डोळ्यांदेखत लाल होते, हे मला एका गुरुवारी सकाळी कळलं, आणि त्या दिवशी आमच्याकडे आमटी पांढरी झाली. काजळ तेलात खलून मी तांबटांचे खांदे काढले. मेणबत्ती घासून वर पातळ शाई सोडली की मेणाची जागा कोरडी राहते, तसं करून नळाखालची बादली काढली. बसची तिकिटं, दोरा, कांद्याची सालं, सगळं चिकटवलं. यातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. कांद्याचं साल तर अजिबात चांगलं नव्हतं.

आणि एकदा बिब्बा. परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करतात आणि ती कितीही धुतली तरी जात नाही, एवढंच मला माहीत होतं. न जाणारी काळी रेघ! मी आईच्या डब्यातून दोन बिब्बे काढले, सुई तापवून टोचली आणि त्या तेलानं नंदाताईचं चित्र काढलं. रेघ खरंच सुरेख आली. मग मी त्याच तेलकट बोटांनी समाधानानं नाक खाजवलं. दुसऱ्या दिवशी माझं नाक वांग्याएवढं झालं होतं आणि बारावीचा वाणिज्य शाखेचा पेपर होता. आई नाकाला खोबरेल चोळत रडत होती, नंदाताई भिंतीला टेकून हसत रडत होती. मी त्या वर्षी नापास झालो. वर्षभर मी सांगत फिरलो की नाकामुळे नापास झालो. आता या वयात खरं सांगायला हरकत नाही. नाकामुळे एकच पेपर वाईट गेला होता, नापास मी चार विषयांत होतो.

नापास मुलाला हवापालट लागतो अशी आईची समजूत, म्हणून तिनं मला मांजरी गावी मामाकडे पाठवलं. मामाचा ऊस होता आणि मळ्याच्या कडेला गुऱ्हाळ. मी रस उकळायच्या काहिलीपासून दहा हातांवर वही घेऊन बसायचो. चुलवाणातली जळकी चिपाडं कोळशासारखी चालतात हे कळल्यावर तर मी मुक्कामच वाढवला. एका दुपारी गरम काकवीची वाटी मांडीवर होती आणि भाकरी बुडवताना तिचा ओघळ चित्रावर गेला. काहिलीशी वाकलेल्या माणसाची पाठ मी काढली होती, नेमकी तिच्यावर. पुसायला गेलो आणि थांबलो. घामानं चमकणारी पाठ तशीच दिसत होती. मी बोट बुडवून दुसऱ्या माणसालाही काकवी लावली, मग तिसऱ्याला.

मामा मागं येऊन उभा होता. "आरं येड्या, ही भाकरीसंगं खायची हाय. कागदाला कशापायी पाजतोस?"

"मामा, चमक बघा की."

मामानं वाकून पाहिलं. "ह्यो शिरपा हाय व्हय? बरा चमाकतोय. खराखुरा हितकं काम करंल तर लई झालं." आणि परत निघताना त्यानं डबाभर काकवी हातात दिली. "ताईला दे. समदी रंगवू नगंस."

ताई म्हणजे माझी आई. तिला त्यातली निम्मी मिळाली. उरलेली वहीनं खाल्ली. डबा उतरतोय हे पाहून आईला वाटायचं अण्णा चोरून खातात, आणि अण्णांना वाटायचं आई, आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेत कितीतरी महिने गप्प राहिले. मी आता राहतो ती इमारत मांजरीलाच आहे, अकराव्या मजल्यावर. मामाचं गुऱ्हाळ जिथे होतं तिथे आमच्या पाहुण्यांच्या गाड्या लागतात, असा माझा अंदाज आहे. बायको म्हणते अंदाज चुकीचा आहे, गुऱ्हाळ शेजारच्या सोसायटीत होतं.

बारावी दुसऱ्यांदा काठावर सुटल्यावर प्रश्न आला, पुढे काय. चित्रकलेच्या कॉलेजचा अर्ज आणला तो नंदाताईनं. मला राडेखोर म्हणणारी हीच मुलगी दोन बसेस बदलून गेली, अर्ज आणला, माझ्याआधी स्वतः वाचला आणि एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून माझ्यापुढे टाकला. ओळ होती : मुलाखतीस येताना उमेदवाराने आपल्या नित्य सरावाची वही आणावी.

"तुझ्याकडे दुसरं काही नाही," ती म्हणाली, "पण हे आहे. वासासकट."

अण्णांनी जेवताना अर्ज ताटाशेजारी ठेवून वाचला. ते पन्नाशीच्या पुढे गेले होते, कटाईच्या यंत्राचं चाक फिरवताना त्यांचा उजवा खांदा धरायचा आणि मी दुकानात उभा राहणार हे त्यांनी मनात कधीचंच धरलं होतं. हे ते बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "घेतलं तर जा. नाही घेतलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकान. आणि मग तोंड पाडून काम करायचं नाही. तोंड पाडलं की खळ सांडते."

म्हणजे त्या तिरक्या वहीवर आता माझं सगळं आयुष्य ठेवलेलं होतं. साहजिकच मी ती सुधारायला घेतली, आणि माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं मी काहीतरी सुधारायला घेतल्यावर झालेली आहेत.

दुकानातल्या खळीत मोरचूद असतं. निळे खडे, विषारी, चिमूटभर पाण्यात विरघळवून मैद्यात घालतात, म्हणजे खळीला कीड लागत नाही. बाइंडरच्या घरात पोराला अ-आ-ई यायच्या आधी हे येतं. मला माहीत नव्हतं असं नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पण मोरचुदामुळे खळीला किंचित हिरवट झाक येते आणि माझ्या मते त्यामुळे माझे पांढरे कागद आजारी दिसत होते. मला शुद्ध पांढरं हवं होतं. म्हणून आई भाजीला गेलेली असताना मी करंज्यांसाठी आणलेला मैदा घेतला, स्वतः खळ शिजवली, बिनमोरचुदाची, आणि वहीतले सगळे सुटे तुकडे तिनं नव्यानं चिकटवले. मग वरून जागोजाग काकवीचा हात दिला. मग, कुठेतरी ऐकलं होतं की मोठे चित्रकार काम झालं की ते काही दिवस नजरेआड ठेवतात, म्हणजे पुन्हा ताज्या नजरेनं बघता येतं. मी वही पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, ट्रंक कॉटखाली ढकलली आणि तीन आठवडे तिच्याकडे पाहिलं नाही. जून महिना होता, हवा दमट होती. थोडक्यात, मी किड्यांना मैदा, काकवी, कागद आणि अंधार असं साग्रसंगीत जेवण वाढून वर झाकण लावलं.

मुलाखत सोमवारी. रविवारी सकाळी आई म्हणाली, "विनू, कॉटखालून मुंग्यांची रांग चाललीये, बघ रे कुठे जातेय." जात नव्हती, येत होती. मी ट्रंक उघडली.

वर्णन करायचं तर वही हलत होती. तांबड्या मुंग्या होत्या, दोन मोठी झुरळं मामाच्या गड्यांवरून धावत गेली आणि पानं उलटायला गेलो तर सात-आठ पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली. जी उघडली त्यांना भोकं होती. कसर लागली की कागदावर नकाशातल्या बेटांसारख्या कडा पडतात, तशी भोकं. शिरपाची पाठ जवळजवळ सगळी गेली होती. माझं शुद्ध पांढरं त्यांना सगळ्यात आवडलेलं दिसलं. मी ओरडलो नाही. मी वही तशीच ट्रंकेत ठेवली, झाकण लावलं आणि त्या झाकणावर बसलो. पुन्हा उघडू तेव्हा कदाचित बरी असेल, असं मला खरोखरच वाटत होतं.

नंदाताईनं मला उठवून ट्रंक उघडली. तिनं एकही टोमणा मारला नाही, त्यावरून किती वाईट झालंय ते मला कळलं. ती सरळ जिन्यावरून खाली गेली. हातोडा थांबला.

अण्णांनी वही खिडकीत उजेडात नेली. एक भोक करंगळीनं तपासलं. मग कड जिभेला लावली.

"मोरचूद?"

मी ट्रंकेचं झाकण लावायला लागलो.

"मोरचूद किती घातलं होतंस?"

"नाही घातलं."

"विसरलास?"

"नाही. रंग खराब होतो म्हणून..."

"आणि हे गोड काय आहे?"

"काकवी."

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकवीच्या डब्याकडे, आणि इतक्या महिन्यांचा त्यांच्यातला गैरसमज तिथल्या तिथे मिटला. पण ते हसले नाहीत. "पन्नास वर्षं या गल्लीत बाइंडिंग चाललंय," ते म्हणाले. "माझे वडील, मग मी. आमच्या हातचं एक पुस्तक किडलेलं कोणी आणून दाखवावं. आणि बाइंडरच्या घरात, बाइंडरच्या कॉटखाली, बाइंडरच्या पोराची वही झुरळांनी खाल्ली. तुला चिमटीभर मोरचूद जड झालं?"

"जाऊ दे, अण्णा," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी मोठ्या माणसासारखा बोलायला गेलो. "मी उद्या नऊला दुकानात येतो."

"उद्या मुलाखत आहे," अण्णा म्हणाले. "अजून घेत नाही म्हटलंय का त्यांनी? वही घेऊन खाली ये. आणि आधी गच्चीवर झटक, माझ्या दुकानात हे पाहुणे नकोत."

तो दिवस मी कितीतरी वेळा आठवून पाहिला आहे. आई दुकानात पातेलं घेऊन बसली होती, चहाचं आधण उकळावं तसं पाणी उकळत होतं आणि त्याच्या वाफेवर अण्णा चिकटलेली पानं धरायचे. मऊ पडलं की हाडाच्या पातळ पट्टीनं कड सोडवायची, ओढायचं नाही. नंदाताई मऊ ब्रशनं पानं झाडत होती. मी कागद कापत होतो, आणि कापताना पहिल्यांदाच गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, कापत होतो. दुपारी कोणी जेवायला वर गेलं नाही. आईनं थालीपिठं खालीच आणली आणि आम्ही ती पुस्तकं दाबायच्या फळ्यांवर ठेवून खाल्ली, लोण्याचा हात कागदाला लागू नये म्हणून एका हातानं.

खाल्लेल्या पानाला मागून नवा कागद लावतात, त्याला अण्णा जोड म्हणत. मी पांढरे कागद कापून ठेवले होते. अण्णांनी ते बाजूला सारले.

"पांढरं नको."

"अण्णा, पांढरं लावलं तर भोकं दिसणार नाहीत."

"दिसतील. आणि वर लपवलीत हेही दिसेल. लपवलेला जोड सगळ्यात आधी सुटतो. हा निळा दे."

"चित्र माझं आहे."

"चित्र तुझं आहे, भोक झुरळाचं आहे, जोड माझा आहे. निळा दे."

मी दिला. काहिलीच्या पानामागे निळा बसला आणि जिथे शिरपाची पाठ होती तिथून आभाळ दिसायला लागलं. पुढच्या पानाला अण्णांनी अबरीची तीन पानं एकामागून एक धरून पाहिली आणि लालसर ठेवली. त्याच्या पुढच्याला मी म्हणालो, "खाकी?" ते म्हणाले, "खाकी चालेल. नाही, थांब. टीपकागद बघ." मला जलरंग येत नाहीत तसं अण्णांनाही येत नव्हते, पण अस्तर निवडण्यात तीस वर्षं गेलेली होती, आणि ती सगळी त्या दिवशी माझ्या वहीवर खर्च होत होती. हे मला तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी आभाळाच्या आकाराचा विचार करत होतो.

चार वाजता ते एका पानावर थांबले. त्यात ते स्वतः होते. फळ्यांच्या ढिगाला टेकून, तोंड उघडं, मांडीवर अर्धं शिवलेलं पुस्तक. काजळ आणि चहा.

"हे कधी काढलंस?"

"दुपारी. दुकानात."

"दुपारी दुकानात मी झोपत नाही."

नंदाताईचा ब्रश थांबला. आईनं पातेल्यात बघायला सुरुवात केली.

अण्णांनी पान जवळ घेतलं. "कान खाल्लाय," ते म्हणाले. "असू दे. तसंही मी कुणाचं ऐकत नाही म्हणतात." आणि त्या कानामागे लावायला कागद शोधायला ते उठले ते बराच वेळ मागच्या कपाटापाशीच उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आजोबांच्या वेळचा अबरीचा तुकडा होता, मोरपिसासारखा, जो ते कुणाला हातही लावू देत नसत.

सोमवारी सकाळी ते माझ्याबरोबर निघाले. त्या बाजूच्या एका ग्रंथालयात पुस्तकं पोचवायची आहेत, असं म्हणाले. हातात पुस्तकं नव्हती.

मुलाखतीला तिघं होते. मध्ये एक बाई, सुती साडी, चष्मा दोरीला. उजवीकडचे सर कागद बघत होते, डावीकडच्या सरांच्या पुढे चहाचा कप होता आणि डोळे मिटलेले होते. मी रात्रभर एक भाषण पाठ केलं होतं. बाईंनी वही उघडली आणि भोकातून दिसणाऱ्या आभाळाला बोट लावून विचारलं, "हे काय?"

"यातून मी काळाचं भक्षण दाखवलं आहे," मी म्हणालो. "काळ माणसाला आतून खातो. ही पोकळी..."

बाईंनी वही उचलून नाकाला लावली.

"काळाला काकवी आवडते?"

उजवीकडच्या सरांनी मान वर केली.

"खळ कुठली?" बाई म्हणाल्या.

"घरची."

"मोरचूद?"

मला वाटलं अण्णांनी खिडकीतून यांना सांगितलं. "नाही घातलं," मी म्हणालो, आणि मग सगळंच सांगितलं. हिरवट झाक, करंज्यांचा मैदा, ट्रंक, ताजी नजर. ताज्या नजरेपाशी उजवीकडचे सर खोकल्यासारखं करून खाली वाकले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे भोकं झुरळांची."

"हो."

"आणि मागचे कागद कोणी निवडले?"

मी म्हणू शकलो असतो की मी. तोंडापर्यंत आलं होतं. "थोडे मी," मी म्हणालो. "बाकी वडिलांनी. ते बाइंडर आहेत. आम्ही भांडून निवडले."

"चांगलं भांडता," बाई म्हणाल्या, आणि वही मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं संपलं. पण त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "हे झुरळांचं आणि वडिलांचं झालं. आता तुमचं. तो कोपऱ्यातला स्टूल काढा. जे जवळ असेल त्यानं. दहा मिनिटं."

माझ्याजवळ एक पेन्सिल होती आणि तिचं टोक मी पहिल्याच रेघेला मोडलं. खिशात शाईचं पेन होतं. मी स्टुलाकडे पाहिलं. स्टूल अत्यंत कंटाळवाणा होता. त्याच्या अलीकडे डावीकडचे सर झोपले होते, तोंड उघडं, हनुवटी छातीवर. असं चित्र मला येत होतं. मी पेननं त्यांना काढलं, बोट ओलं करून शाई पसरवली, पण कपाळाला उबदार रंग हवा होता. मी हात लांब केला आणि त्यांच्याच बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवलं. कपाळ झालं. गाल राहिले होते, म्हणून कपातच बुडवलं.

सर जागे झाले. त्यांनी माझं बोट पाहिलं, कप पाहिला, कागद पाहिला.

"माझा चहा आहे तो," ते म्हणाले.

"आणि तुम्ही आहात ते," बाई म्हणाल्या. "हनुवटी नीट आलीये. स्टूल कुठे आहे?"

"राहिला," मी म्हणालो.

"चार वाजता यादी लागेल. बाहेर थांबा."

अण्णा फाटकापाशी एका दगडावर बसले होते. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आईनं दिलेली पोळीभाजी आम्ही खाल्ली. मग शेजारच्या चहावाल्यानं न सांगताच दोन कप आणून ठेवले. मी स्टूल काढला नाही हे मला आतून कुरतडत होतं. एवढी साधी गोष्ट, समोर चार पाय घेऊन उभी होती. उद्या नऊ वाजता दुकानाचं फळकूट उचलताना मी रोज त्या स्टुलाचा विचार करणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. अण्णांकडे पाहिलं तर ते उजवा खांदा डाव्या हातानं दाबत बसले होते, आणि मग मला दुसरंही दिसायला लागलं, मी नसताना ते चाक कोण फिरवणार.

चारला शिपायानं यादी लावली. गर्दी झाली. मी मागच्या मागे उभा होतो, माझ्यानं पुढे जाववेना. अण्णा गेले. मुलांच्या खांद्यांवरून चष्मा वर-खाली करत त्यांनी यादी वरून खाली वाचायला घेतली, एकेक नाव, मुद्रितं तपासावीत तशी. शेवटाला आले तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी मागे वळून मला बोटानं बोलावलं. खालून तिसरं नाव माझं होतं. मी ते चारदा वाचलं. आडनावासकट मीच होतो.

अण्णा अजून बोर्डाकडेच बघत होते. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि त्यांच्या खांद्याबद्दल काही सुचत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "अण्णा, मी रोज सकाळी आधी दुकान उघडीन, चाक फिरवून देईन आणि मग कॉलेजला येईन."

"कॉलेज साडेसातला आहे," अण्णा म्हणाले. "यादीखाली वेळापत्रक लावलंय. स्वतःच्या नावाच्या पुढेही वाचायची सवय लाव."